बाळ वर्षाचं होत आलं, पण चालत नाही: काळजी कधी करायची आणि कधी नाही?

बाळाचा पहिला वाढदिवस जवळ आला की घरी येणारा जो तो एकच प्रश्न विचारतो, 'चालायला लागलं का?' जळगाव असो की धुळे, चाळीसगाव असो की शिरपूर, उत्तर 'अजून नाही' असलं की सल्ले सुरू होतात. कुणी तेल बदलायला सांगतं, कुणी वॉकर आणायला, तर कुणी 'याचा बापही उशिराच चालला होता' म्हणून धीर देतं.

वर्षाचं बाळ चालत नसेल, तर बहुतेक वेळा त्यात काळजीचं काहीच नसतं. पण ज्या गोष्टी या वयात खरंच बघायला हव्यात, त्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. बाळ नावानं हाक मारली की वळून बघतं का? चिमटीत मुरमुरा उचलतं का? दोन्ही हात सारखे वापरतं का? टाटा करतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या महिन्यात येत असलेली एखादी गोष्ट ते आता विसरलं तर नाही ना?

बाळाची वाढ बघताना कधी निवांत राहायचं, कधी डॉक्टरांकडे जायचं आणि कधी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे समजून घेऊया.

चालायला किती उशीर म्हणजे उशीर?

जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी बाळांच्या हालचालींची नोंद ठेवली होती. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकही निरोगी बाळ घड्याळ लावल्यासारखं वाढत नाही, हे त्यातून स्पष्ट दिसतं. निरोगी बाळांमध्ये प्रत्येक टप्प्याचा पल्ला असा आढळला:

- आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२ महिने
- आधार धरून उभं राहणं: ४.८ ते ११.४ महिने
- हात आणि गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५ महिने
- आधार धरून चालणं: ५.९ ते १३.७ महिने
- आधाराशिवाय उभं राहणं: ६.९ ते १६.९ महिने
- आधाराशिवाय चालणं: ८.२ ते १७.६ महिने

म्हणजे शेजारचं बाळ नवव्या महिन्यात चाललं आणि आपलं सतराव्या महिन्यात, तरी दोन्ही बाळं निरोगी असू शकतात. पण याच यादीतून धोक्याच्या रेषाही कळतात. नऊ-दहा महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचं बाळ आधार देऊनही पायावर भार घेत नसेल किंवा दीड वर्षाचं बाळ एकटं चालत नसेल, तर तपासणी करून घ्यायलाच हवी.

रांगलंच नाही तर?

याच अभ्यासात ४.३ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही बाळं बसल्या बसल्या सरकतात, काही पोटावर फरपटत जातात आणि काही थेट उभी राहतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं तर २०२२ मध्ये आपल्या यादीतून रांगण्याचा टप्पाच काढून टाकला.

त्यामुळे बाळ कोणत्या पद्धतीनं सरकतं, यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या चालतात का, हे बघा. एकच पाय ओढत सरकणारं किंवा एकच हात टेकवणारं बाळ डॉक्टरांना दाखवायला हवं.

वर्षाच्या आसपास काय काय यायला हवं?

बहुतेक बाळांना पहिल्या वाढदिवसापर्यंत पुढच्या गोष्टी जमतात.

शरीर:
- पलंग, खाट किंवा खुर्ची धरून स्वतः उभं राहतं.
- आधार धरून कडेकडेनं पावलं टाकतं.

हात:
- अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत बारीक वस्तू उचलतं. आधी बाळ मुठीनं ओढून घेतं, चिमटी नंतर येते.
- वाटीत किंवा डब्यात वस्तू टाकतं.
- आपण धरलेल्या पेल्यातून पाणी पितं.

बोलणं आणि समज:
- 'बाबाबा', 'दादादा', 'मामामा' अशी बडबड करतं.
- आईला किंवा वडिलांना एखाद्या ठरावीक शब्दानं हाक मारतं. तो शब्द 'आई' असेल, 'माय' असेल किंवा 'बा'.
- 'नको' म्हटलं की क्षणभर का होईना, थांबतं.
- डोळ्यांदेखत लपवलेली वस्तू शोधतं.

माणसं:
- नावानं हाक मारली की बघतं.
- टाटा करतं, टाळ्या वाजवतं, कडेवर घ्या म्हणून हात वर करतं.
- अनोळखी माणूस दिसला की बावरतं, आईला बिलगतं.

बोटानं दाखवून वस्तू मागणं साधारण १२ ते १५ महिन्यांच्या दरम्यान येतं. बाराव्या महिन्यात ते नसेल तर घाबरू नका. पण टाटा, टाळ्या, हात वर करणं, वस्तू पुढे करणं यातला एकही हावभाव वर्षाच्या बाळाला येत नसेल, तर ते लक्षण मानून तपासणी करा.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर?

मग वय मोजताना दुरुस्ती करावी लागते. समजा, बाळ दोन महिने आधी जन्मलं. जन्मतारखेनुसार ते १२ महिन्यांचं असलं, तरी वाढ मोजताना ते १० महिन्यांचं धरायचं. दोन वर्षांपर्यंत डॉक्टर असंच मोजतात. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच करायचं असतं.

अशा बाळांकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. कमी वजनाचं, जन्मताच न रडलेलं, काचेच्या पेटीत राहिलेलं, जन्मानंतर झटके आलेलं किंवा खूप जास्त कावीळ झालेलं बाळ या गटात येतं. आई-वडिलांचं जवळच्या नात्यात लग्न झालं असेल किंवा घराण्यात कुणाला जन्मापासून ऐकू येत नसेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कोणती चिन्हं दिसली तर डॉक्टरांकडे जायचं?

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी पुढच्या लसीची वाट न बघता त्या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा:

- बाळ एकच हात वापरतं, दुसऱ्याची मूठ मिटलेली असते. 'डावखुरं होणार' असं घरात म्हटलं जातं, पण वर्षाच्या आत एका हाताची सवय लागत नसते. दुसऱ्या हातात काही अडचण आहे का, हे बघावं लागतं.
- अंग ताठ वाटतं, उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात किंवा बाळ सतत चवड्यांवर उभं राहतं.
- अंग ढिलं वाटतं, काखेत धरून उचललं की बाळ हातातून निसटेल असं वाटतं.
- नावाला प्रतिसाद देत नाही, नजरेला नजर देत नाही, हसण्याला हसून उत्तर देत नाही.
- वर्षाचं झालं तरी बडबड नाही किंवा आधी होती ती कमी झाली.
- डोळे तिरळे दिसतात किंवा नजर एका जागी ठरत नाही.
- वजन दोन-तीन महिने वाढलेलं नाही.

कोणती चिन्हं दिसली तर त्याच दिवशी जायचं?

१. येत असलेली गोष्ट जाणं. बसणारं बाळ बसेनासं झालं, हसणारं बाळ मख्ख झालं, बडबड थांबली, खेळण्याकडे हात जाईना. उशीर होणं आणि आलेलं जाणं यात मोठा फरक आहे. दात येतायत, नजर लागली किंवा अशक्तपणा आहे, असं म्हणून यात एक दिवसही घालवू नये.

२. वेगळ्या प्रकारचे झटके. झटका म्हटलं की तोंडाला फेस आणि थरथरणारं अंग डोळ्यांसमोर येतं. पण वर्षाच्या आतल्या बाळांना होणारा एक गंभीर आजार अगदी साध्या दिसणाऱ्या हालचालीतून सुरू होतो. बाळ मान एकदम पुढे टाकतं, हात पसरतं किंवा पोटाशी घेतं आणि सेकंद-दोन सेकंदांत सैल पडतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. असे झटके एकामागोमाग येतात आणि बरेचदा झोपेतून उठल्यावर. पोट दुखतंय किंवा बाळ दचकतंय, असं समजून घरचे आठवडेच्या आठवडे घालवतात. त्या काळात मेंदूचं नुकसान होत असतं. असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढून निदान करता येतं आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले.

३. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल किंवा काळी न दिसता पांढरी दिसली, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. ते मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं किंवा डोळ्याच्या कर्करोगाचं. दोन्हींवर उपचार आहेत, पण ते वेळेत व्हायला हवेत.

४. बाळ निपचित पडलं, दूध ओढेना, तापात सारखं चिडचिड करतंय किंवा उठवलं तरी उठेना. अशा वेळी १०८ ला फोन करा.

'याचा बापही उशिराच बोलला' हे कितपत खरं?

काही घराण्यांत मुलं खरंच थोडी उशिरा बोलतात. मुलगे मुलींपेक्षा किंचित उशिरा बोलतात, हेही खरं आहे. पण हा फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो. तेवढ्यावर बडबड न करणाऱ्या किंवा हाकेला न वळणाऱ्या बाळाची तपासणी लांबवू नये.

दुसरा समज भाषेचा. खानदेशात एका घरात दोन-तीन भाषा असणं नेहमीचंच. आजी अहिराणीत बोलते, आई-वडील मराठीत, टीव्ही हिंदीत. यावल-रावेर पट्ट्यात लेवा गणबोली किंवा तडवी, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी किंवा भिलोरी. 'सगळ्या भाषांनी पोराचा गोंधळ होतो' असं म्हणून काही घरांत अहिराणी बंद केली जाते. त्याची काहीच गरज नाही. दोन भाषा ऐकणारं बाळ त्या वेगळ्या ओळखायला शिकतं. आजीची अहिराणी बाळाच्या फायद्याचीच आहे, कारण बाळाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूस बरेचदा तीच असते.

तिसरा समज कानाचा. 'पातेलं वाजवलं की वळतं, म्हणजे ऐकू येतं.' ही तपासणी भरवशाची नाही. बाळाला भांड्याची हालचाल दिसते, जमिनीची थरथर जाणवते. शिवाय मोठा आवाज ऐकू येणाऱ्या बाळाला बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येतीलच असं नाही. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला बडबड करतात. ती सहाव्या-सातव्या महिन्यानंतर हळूहळू कमी होते, कारण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसतो.

म्हणून बोलण्यात उशीर वाटला तर सगळ्यात आधी श्रवण चाचणी करायची. ओएई ही चाचणी काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा ही चाचणी झोपलेल्या बाळावर करतात. काही महिन्यांच्या बाळालाही श्रवणयंत्र बसवता येतं. जन्मानंतर एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू, असं तज्ज्ञांनी ठरवलेलं वेळापत्रक आहे. वर्षाचं बाळ त्यात आधीच मागे पडलेलं असतं, म्हणून आणखी थांबणं परवडणारं नाही.

रक्त कमी असलं तरी वाढ मागे पडते का?

हो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ६ महिने ते ५ वर्षांपर्यंतच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दर तीनपैकी दोघांमध्ये. लोह फक्त रक्ताला नाही, मेंदूच्या वाढीलाही लागतं. लोह कमी पडलेलं बाळ मरगळलेलं, चिडचिडं असतं आणि नवीन गोष्टी शिकायला वेळ घेतं.

सहा महिन्यांनंतर फक्त अंगावरच्या दुधातून पुरेसं लोह मिळत नाही. वरचं खाणं उशिरा सुरू झालं किंवा वरचं खाणं म्हणजे फक्त चहा-बिस्कीट असलं, की कमतरता वाढते. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप दिलं जातं. ते आशाताईंकडे मोफत मिळतं.

दुसरी कमतरता आहे बी-१२ जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व फक्त दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिजन्य पदार्थांतून मिळतं. माळकरी किंवा जैन घरांत, तसंच दूध-अंडी परवडत नाहीत अशा घरांतही, गरोदरपणात आईच्याच शरीरात बी-१२ कमी असू शकतं. मग तिच्या दुधातही ते कमी उतरतं. बाळ गुटगुटीत दिसतं, पण सहा महिन्यांनंतर ते हळूहळू मंद होतं. हसणं कमी होतं, मान सावरेना होते, केस विरळ आणि तांबूस होतात, बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा येतो. काही बाळांचे हात-पाय थरथरायला लागतात.

हा आजार रक्त तपासणीत सापडतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली बी-१२ सुरू केलं की काही दिवसांत बाळाच्या चेहऱ्यावर फरक दिसू लागतो. मात्र निदान खूप लांबलं तर वाढीतली काही कसर कायमची राहू शकते. आईलाही सोबत उपचार घ्यावे लागतात. शाकाहार सोडायची गरज नसते.

जळगाव आणि धुळ्यात तपासणी कुठे होते?

पहिली जागा घराच्या दारातच आहे. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झालं की आशाताईंनी घरी येऊन त्याची वाढ, खाणं आणि लसी बघायच्या असतात. माता-बाल संरक्षण कार्डवर वजनाचा आलेख असतो आणि कोणत्या महिन्यात बाळाला काय यायला हवं, याची चित्रंही असतात. बहुतेक घरांत हे कार्ड फक्त लसीच्या दिवशी बाहेर निघतं. आशाताई आल्या की त्या चित्रांवर बोट ठेवून विचारा, 'हे आमच्या बाळाला येत नाही, चालेल का?'

दुसरी जागा अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. या कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत येतं. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी ते तपासतं. वर्षाचं बाळ अंगणवाडीत बसत नाही म्हणून त्याला न्यायचं राहून जातं. पण ही तपासणी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी आहे. पथक कधी येणार, हे अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा.

तिसरी जागा जिल्ह्याचं ठिकाण. पथकाला शंका आली की बाळाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी या कार्यक्रमाची रचना आहे. दवाखान्यात त्याला 'डीईआयसी' म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, श्रवण आणि वाचा, डोळे अशा तपासण्या एका छताखाली व्हाव्यात, यासाठी ही केंद्रं आहेत. जळगावकरांनी याची चौकशी 'सिव्हिल'मध्ये करावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला ते जोडलेलं आहे. धुळेकरांनी जिल्हा रुग्णालयात किंवा श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभाग गाठावा. पथकाची चिठ्ठी नसली तरी बालरोग ओपीडीत थेट जाता येतं. कुठे जायचं हे कळत नसेल तर राज्याच्या १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर फोन करता येतो.

ऐकण्या-बोलण्याच्या अवघड तपासण्यांसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय?

दिवाळीच्या आसपास चाळीसगाव, पाचोरा, साक्री, शिरपूर अशा भागांतून अनेक कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. बाळाचा नववा ते पंधरावा महिना याच काळात आला, तर आशाताईंच्या भेटी, लस आणि अंगणवाडीतली तपासणी असं सगळंच एकदम हुकू शकतं.

अशा वेळी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायचं. लस देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस असतो. गोवर मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून ही लस चुकवू नये. निघण्याआधी आशाताईंना सांगून ठेवलं तर परतल्यावर राहिलेल्या गोष्टी भरून काढता येतात.

तपासणीत नेमकं काय करतात?

सुई किंवा मशीन लागेलच असं नाही. डॉक्टर आधी बाळाला खेळताना बघतात, डोक्याचा घेर मोजतात, वजन आणि उंची बघतात. वर्षाच्या मुलाचं सरासरी वजन ९.६ किलो आणि मुलीचं ८.९ किलो धरलं जातं. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण समजतात. कुपोषित बाळ चालायला, उभं राहायला उशीर करतं, त्यामुळे आधी त्याच्या पोषणाचे उपचार होतात.

प्राथमिक चाळणीसाठी आपल्याकडे केरळमध्ये तयार झालेला त्रिवेंद्रम तक्ता वापरतात. त्यात दोन वर्षांपर्यंतचे १७ टप्पे असतात आणि काही मिनिटांत उत्तर मिळतं. सखोल तपासणीसाठी 'डासी' ही भारतीय बाळांसाठी तयार केलेली मोजपट्टी आहे. तिचा पाया प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात घातला आणि १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती पुण्यातून आली. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळाची हालचाल आणि आकलन त्यातून वेगवेगळं मोजता येतं.

डॉक्टरांनी 'थोडं थांबून बघू' असं सांगितलं, तर दोन प्रश्न जरूर विचारा. 'किती दिवस थांबायचं?' आणि 'तोपर्यंत काय आलं नाही तर परत यायचं?' तारीख ठरवून थांबायला हरकत नाही. तारीख न ठरवता थांबलं की सहा महिने कसे जातात, ते कळतही नाही.

घरी काय करता येईल?

- जमिनीवर सोडा. सतरंजी घाला आणि बाळाला मोकळं खेळू द्या. बसून फिरायचा वॉकर वापरू नका. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं, आणि पायऱ्यांवरून पडण्याचा धोका असतो. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात बाळ स्वतः उभं राहून ढकलतं. मोठं माणूस शेजारी असेल तर तो चालतो.
- बोला. भाजी निवडताना, भांडी लावताना बाळाशी बोलत राहा. ते जो आवाज काढेल, तोच परत काढून दाखवा आणि उत्तराची वाट बघा.
- मोबाइल दूर ठेवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात दाखवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन वर्षांपर्यंत टाळावी, असा भारतीय बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. घास भरवताना लावलेलं गाणंही यात आलं. लांब गावी असलेल्या वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं चालतं.
- खाऊ घाला. घट्ट वरणभात, तूप, केळं, वरणात कुस्करलेली कळण्याची भाकरी, शिजवून मऊ केलेल्या भाज्या. चालत असेल तर अंडं. वर्षाच्या आत मध देऊ नये. झोप यावी म्हणून जायफळ किंवा गुटी उगाळून देणंही टाळा, त्यानं बाळाला गुंगी येऊ शकते.
- घशात अडकेल ते दूर ठेवा. चिमटी आली की बाळ जमिनीवरचं सगळं उचलून तोंडात घालतं. शेंगदाणे, फुटाणे, बोराच्या बिया धोक्याच्या. बोरन्हाण घालताना बोरं आणि गोळ्या बाळाच्या हाती लागू देऊ नका.

निदान झालंच तर?

सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष, स्वमग्नता किंवा दुसरं काही निदान झालं, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू सगळ्यात वेगानं वाढत असतो, त्यामुळे या वयात सुरू झालेल्या थेरपीचा फायदा सगळ्यात जास्त होतो. नाव पक्कं होईपर्यंत थेरपी थांबवावी लागत नाही. बाळ बसत नसेल तर बसण्याचे व्यायाम निदानाआधीच सुरू होतात आणि ते घरी कसे करायचे, हे आईसोबत आजीलाही शिकवलं जातं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलेलं आहे. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी कार्ड काढता येतं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

आणि तपासणीत काहीच निघालं नाही, तर जळगाव-धुळ्याची एक फेरी आणि एक दिवसाची मजुरी एवढंच जातं. वर्षाचं बाळ हाकेला वळत नसेल, टाटा करत नसेल किंवा एकच हात वापरत असेल, तर ती फेरी वाढदिवसाच्या आधी करा.